लस मुलाची, परीक्षा उंदराची

साशंक : डॉक्टर, माझा पहिला प्रश्न सरळ आहे. जो आजार जवळजवळ प्रत्येक मुलाला आठ-दहा दिवसांत सोडून जातो, त्याच्या लशीपायी उंदीर-माकडांचे जीव घ्यायचेच कशाला? पावसाळा लागला की तुमच्या दवाखान्यात आया मुलांना घेऊन येतात. ताप असतो, तोंडात फोड असतात, मूल घास घेत नाही, लाळ गळत असते, आणि तळहातांवर, तळपायांवर, कुल्ल्यांवर पुरळ उठलेलं असतं. खेड्यातून आलेली आजी विचारते, आमच्या गोठ्यातली लाळ्या-खुरकूत तर नाही ना लागली पोराला? तुम्ही तिला सांगता, जनावरांचा विषाणू वेगळा आणि हा वेगळा. मग तापाचं औषध देता, थंड आणि मऊ खायला द्या म्हणता, आठवडाभर बालवाडीत पाठवू नका म्हणता. एखाद्याची महिन्याभराने नखं गळतात, घरचे धास्तावतात, पण नवी नखंही येतात. एवढ्या आजारासाठी प्रयोगशाळेत एका जिवाला मुद्दाम आजारी पाडायचं आणि त्याचे मागचे पाय कधी लुळे पडतात याची नोंदवही घेऊन वाट बघायची, हे मला पटत नाही.

समर्थक : सर, तुम्ही ज्याचं वर्णन केलंत तो कॉक्सॅकी ए-१६ किंवा ए-६ या विषाणूंचा आजार. माझ्याकडे येतो तोही बहुतेक हाच. पण हात-पाय-तोंडाचा हा आजार एका विषाणूचा नाही. त्या कुळातला एक विषाणू वेगळ्या स्वभावाचा आहे, एंटरोव्हायरस ए-७१. तो पुरळावर थांबत नाही, मेंदूच्या देठापर्यंत जातो. मूल दचकायला लागतं, तोल जातो, नाडी धावते, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरतं. १९९८ साली तैवानमध्ये एक लाख २९ हजार मुलांची नोंद झाली, ७८ दगावली. चीनने २००८ ते २०१२ या पाच वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा संशयित रुग्ण ७२ लाख आणि मृत्यू २,४५७ निघाले. प्रयोगशाळेत खात्री झालेल्या मृत्यूंपैकी ९३ टक्के या एकट्या ए-७१चे होते. तुम्ही म्हणाल, दहा हजारांत तीन-चार. पण पोलिओचं तरी काय होतं? तोही बहुतेक मुलांना होऊन जायचा आणि घरात कुणाला पत्ता लागायचा नाही. लागण झालेल्या दोनशे मुलांत एकाला लकवा व्हायचा. त्या एकासाठी आपण वर्षानुवर्षं घरोघर फिरलो आणि २०१४च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. आजार बहुतेकांना सौम्य असतो, एवढ्यावरून तो क्षुल्लक ठरत नाही. मरणारं मूल आधीपासून ओळखू आलं असतं तर गोष्ट निराळी होती. ते ओळखू येत नाही, म्हणून लस सगळ्यांना द्यावी लागते.

साशंक : चीनच्या मुलांबद्दल मला तितकीच कळकळ आहे. पण तुम्ही चीनचा आकडा दाखवून इथल्या लशीचं समर्थन करताय. भारतात आजवर जे नमुने तपासले गेले त्यांत मुख्यतः ए-१६ आणि ए-६ सापडले. २०२२ मध्ये केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून जी घबराट उडाली, तीही शेवटी याच आजाराची निघाली आणि बोट ए-१६कडे गेलं. आता तुमच्या लशीकडे या. चीनमध्ये डिसेंबर २०१५ पासून मंजूर होत गेलेल्या लशी फक्त ए-७१च्या आहेत. जिआंग्सू आणि ग्वांग्शी प्रांतांतल्या मोठ्या चाचण्यांत, एकीत दहा हजार आणि दुसरीत बारा हजार मुलं होती, त्यांनी ए-७१चा आजार ९५ ते ९७ टक्के रोखला. उत्तम. पण त्याच चाचण्यांतून हेही कळलं की ए-१६वर त्यांचा काही उपयोग होत नाही. म्हणजे आपल्याकडे जो विषाणू फिरतोय त्यावर ती लस चालत नाही, आणि ज्याच्यावर चालते तो इथे किती आहे हे आपण मोजलेलं नाही. या अवस्थेत कुणी भारतात नवी लस करायला घेतली, तर पहिल्या दिवसापासून पिंजऱ्यात जाणारा उंदीर नेमका कुणासाठी मरणार आहे?

समर्थक : मोजलेलं नाही हा मुद्दा मी मान्य करतो. त्याकडे परत येऊ. पण उंदराच्या बाबतीत मला थोडं मागे जाऊ द्या, कारण हा विषाणू आहे हे आपल्याला सांगितलं तेच मुळी उंदराने. १९४८ साली न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातले गिल्बर्ट डॅलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स पोलिओसारखा लकवा झालेल्या दोन मुलांच्या शीचे नमुने तपासत होते. मोठ्या उंदरांना टोचून काहीच होईना. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या, अजून अंगावर पिणाऱ्या पिल्लांना टोचलं, आणि पिल्लं लुळी पडली. ती मुलं हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी गावची होती, म्हणून विषाणूला तेच नाव मिळालं. पिल्लं वापरली नसती तर हे सगळं कूळच आणखी काही वर्षं अंधारात राहिलं असतं. पुढे लशीच्या कामातही तीच पिल्लं आली. उंदराच्या मादीला लस टोचायची, तिच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं पिल्लांना गर्भात आणि दुधातून मिळतात, मग पिल्लांना विषाणू द्यायचा आणि ती वाचतात का ते बघायचं. लस नुसती प्रतिपिंडं तयार करते की खरोखर जीव वाचवते, हे त्यातून कळतं.

साशंक : तुम्ही सांगितलंत त्यातच माझा आक्षेप आहे. मोठ्या उंदराला हा विषाणू लागत नाही. का लागत नाही, हेही आता ठाऊक आहे. पेशीवरच्या ज्या कुलपाला हा विषाणू लागतो, ते स्कार्ब-२ नावाचं प्रथिन. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. उंदराचं स्कार्ब-२ माणसाच्याहून वेगळं आहे, त्यामुळे किल्ली बसत नाही. मग काय करायचं? एक तर चार-पाच दिवसांची पिल्लं घ्यायची. नाही तर विषाणूलाच पिढ्यान्‌पिढ्या उंदरात वाढवून उंदराच्या सवयीचं करायचं. नाही तर उंदराच्या पेशीत माणसाचं जनुक घालून नवा उंदीर घडवायचा. तिन्ही वाटांनी आपण माणसाचा आजार बघत नाही, आपण घडवलेला आजार बघतो. विषाणू तोंडावाटे जाण्याऐवजी सुईने पोटात जातो, पुरळ उठण्याऐवजी पाय लुळे पडतात. पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, दोन प्राण्यांमधलं साम्य जितकं शिकवावं लागतं तितकाच त्यांच्यातला फरकही शिकवावा लागतो. आणि या फरकाची किंमत माणसाच्या मुलांनी पूर्वी मोजली आहे. सायमन फ्लेक्सनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल तोंडाच्या माकडांना नाकातून पोलिओ दिला. ऱ्हीसस माकडाला तो तोंडावाटे सहजी होत नाही, नाकातून मात्र थेट मेंदूकडे जातो. त्यावरून जगाने ठरवलं की पोलिओ नाकातून शिरतो आणि फक्त मज्जापेशींत वाढतो. पंचवीस-तीस वर्षं ही समजूत ठाम राहिली. १९३७ साली टोरांटोत मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं गेलं. काही मुलांचं वास घेणं गेलं, पोलिओ काही थांबला नाही. ती कोंडी फोडली कुणी? १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी मानवी ऊतींमध्ये, काचेच्या भांड्यात पोलिओचा विषाणू वाढवून दाखवला तेव्हा.

समर्थक : फ्लेक्सनरचं उदाहरण खरं आहे आणि मला ते टाळायचं नाही. पण त्यातून माकड खोटं ठरत नाही, एकाच जातीच्या माकडावर एकाच मार्गाने विसंबणं चूक ठरतं. चिंपांझींना आणि दुसऱ्या जातीच्या माकडांना तोंडावाटे लागण होते हे नंतर दिसलं, आणि चूक सुधारली. आता दुसरी बाजू बघा. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहून गेला. चाळीस हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला, दोनशेच्या आसपास मुलं लुळी झाली, दहा दगावली. त्या आधीच सरकारी प्रयोगशाळेतल्या बर्निस एडी यांनी त्या लशीचे नमुने माकडांना टोचले होते आणि माकडं लुळी पडली होती. बाईंनी वरिष्ठांना कळवलं. कुणी लक्ष दिलं नाही. माकडाने दिलेली साक्ष अचूक होती, ऐकणाऱ्यांनी कान बंद केले. आणि लक्षात घ्या, पोलिओ आणि ए-७१ एकाच कुळातले आहेत. विषाणू मारून केलेली लस नीट मारली गेली आहे की नाही, हा प्रश्न या कुळात पुस्तकी नाही.

साशंक : एडी बाईंचंच पुढचं काम सांगू? पोलिओची लस ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवत. त्या पेशींतून काय उतरत असेल याची त्यांना शंका आली, त्यांनी तो अर्क हॅम्स्टरना टोचला आणि गाठी आल्या. तो एसव्ही-४० विषाणू, माकडाच्या अंगातला, लाखो डोसांतून माणसांत गेलेला. म्हणजे ज्या प्राण्याने एक धोका दाखवला, त्याच प्राण्याच्या अवयवातून दुसरा आला. आणि ती माकडं यायची कुठून? आपल्याकडून. पन्नाशीच्या दशकात उत्तर भारतातून वर्षाला लाखाच्या घरात माकडं जहाजांनी आणि विमानांनी बाहेर गेली. किती वाटेतच मेली. शेवटी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली, कारण शांततेच्या कामासाठी म्हणून नेलेली माकडं लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली गेल्याचं उघड झालं होतं. हा इतिहास आपल्या जंगलांचा आहे. म्हणून 'थोड्याशा माकडांनी काय होतं' हे वाक्य मला ऐकवत नाही.

समर्थक : पण त्याच इतिहासात हेही आहे की १९६२ साली जपानमध्ये चिबा विद्यापीठात एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून व्हेरो नावाची पेशींची ओळ तयार झाली. त्या पेशी अजून वाढताहेत. चीनच्या ए-७१ लशींपैकी काही त्याच पेशींत वाढवल्या जातात, एक तर मानवी पेशींत वाढवली जाते. एका माकडाने पुढच्या असंख्य माकडांची मूत्रपिंडं वाचवली. शास्त्र स्वतःहून कमी प्राण्यांकडे सरकतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

साशंक : स्वतःहून सरकतं की ढकलावं लागतं, यावर आपलं पटणार नाही. २०२० चं बघा. कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला ऱ्हीसस माकडं हवी होती. देशात प्रयोगशाळेत वाढवलेली माकडं नव्हती. मेअखेरीस महाराष्ट्र सरकारने ३० माकडं पकडायला परवानगी दिली. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारं खाणं बंद झालं म्हणून माकडं जंगलात आत सरकली होती, शेवटी नागपूरच्या बाजूला सापडली, असं तेव्हाचे आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गव यांनीच पुस्तकात लिहिलंय. आपल्या वेरूळ-अजिंठ्याला दिसतात ती काळतोंडी वानरं यातून सुटली, कारण प्रयोगाला लाल तोंडाचीच लागतात. वीस माकडं, पाच-पाचचे चार गट. एका गटाला नुसतं पाणी म्हणता येईल असं औषध, तीन गटांना लशीचे तीन प्रकार, आणि दोन डोसनंतर सगळ्यांना करोनाचा विषाणू. आता तारखा जुळवा. माणसांवरची पहिली चाचणी जुलै २०२० मध्ये सुरू झाली. माकडांचे निष्कर्ष सप्टेंबरमध्ये जाहीर झाले. मग ज्या माणसाने जुलैत दंड पुढे केला, त्याला त्या माकडांनी काय संरक्षण दिलं?

समर्थक : जुलैतल्या माणसाआधी उंदीर, मोठे उंदीर आणि ससे यांच्यावर विषारीपणाची तपासणी झाली होती, ती सोडू नका. आणि माकडांनी जुलैतल्या शेकड्यांना नाही, नोव्हेंबरमधल्या हजारोंना संरक्षण दिलं. तिसऱ्या टप्प्यात २५,८०० माणसं होती. त्यांच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा होता, लस घेतलेल्याला आजार झाला तर तो अधिक भयंकर तर होणार नाही ना? ही भीती काल्पनिक नव्हती. साठच्या दशकात अमेरिकेत आरएसव्ही या फुप्फुसाच्या विषाणूची फॉर्मलिनने मारलेली लस तान्ह्या बाळांना दिली गेली. लस घेऊन मग लागण झालेल्या बाळांपैकी ८० टक्के इस्पितळात गेली, लस न घेतलेल्यांपैकी ५ टक्के. दोन बाळं गेली. असं का झालं हे पुढे कॉटन रॅटच्या फुप्फुसात दिसलं. नवी आरएसव्ही लस बाजारात यायला २०२३ उजाडलं. ए-७१च्या बाबतीतही अपुऱ्या प्रतिपिंडांनी आजार वाढेल का, ही शंका शास्त्रज्ञांनी घेतली होती. ती तपासायला मी कुणाचं बाळ पुढे करू? काचेच्या भांड्याला ताप येत नाही, फुप्फुसात पाणी भरत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. प्राणी बाजूला केला की त्याची जागा रिकामी राहत नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस केली, आधी सशांवर पाहिली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतरची परीक्षा भायखळ्याच्या तुरुंगात झाली, हे सांगायचं राहतं. कैदी स्वेच्छेने पुढे आले असं नोंदींत आहे, पण प्लेगच्या साथीत कोठडीतल्या माणसाची स्वेच्छा किती असते? न्यू यॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत मतिमंद मुलांना मुद्दाम कावीळ दिली गेली, तीही वर्षानुवर्षं. म्हणूनच १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत, नाझी डॉक्टरांचे खटले पाहिलेल्या माणसांनी लिहिलं की माणसावरचा प्रयोग आधीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर आधारलेला असावा. उंदीर नको म्हणणाऱ्याने त्याच्या जागी कोणत्या वस्तीतलं मूल येईल हेही सांगायला हवं. ते मूल बंगल्यातलं नसणार.

साशंक : हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि मी तो हलका करणार नाही. पण त्यातली एक गफलत दाखवतो. कैद्याची स्वेच्छा खरी नव्हती म्हणून तुम्हाला तो प्रयोग खटकतो. माकडाच्या बाबतीत स्वेच्छेचा प्रश्नच उठत नाही, म्हणून तो तुम्हाला खटकत नाही. तुमच्या तराजूत अडचण संमतीची आहे, आणि ज्याच्याकडे ती मागताच येत नाही तो त्या अडचणीतून बाहेर पडतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपी जातक रंगवलंय. वानरांचा राजा असलेला बोधिसत्त्व आपल्या कळपाला राजाच्या बाणांपासून वाचवायला स्वतःच्या देहाचा पूल करतो, सगळे त्याच्या पाठीवरून पार होतात आणि तो मरतो. पंधराशे वर्षांपूर्वी इथल्या चित्रकाराला आणि ते लेणं खोदवून घेणाऱ्याला माकडाचा त्याग कळत होता. पण तो त्याग माकडाने केला. आपण पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या मरणाला त्याग म्हणतो, शोधनिबंधांत 'बळी दिला' असं लिहितो, तेव्हा देणारे आपण असतो आणि जाणारा तो.

समर्थक : अजिंठ्याचं उत्तर मी पैठणहून देतो. संत एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराच्या वाटेवर तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच नाथांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं, अस्पृश्य मानलेल्या घरचं मूल उचलून कडेवर घेतलं. दोन्ही गोष्टींत करुणा एकच आहे. पण नाथांपुढे गाढव आणि मूल एकाच वेळी उभे राहिले नव्हते. माझ्यापुढे राहतात. घाटी या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मेंदूला सूज आलेलं तीन वर्षांचं मूल ज्याने बघितलंय, त्याने काय ठरवायचं हे कोणत्याही कथेत सांगितलेलं नाही.

साशंक : नाही, डॉक्टर. ते दोघे एकाच वेळी तुमच्यापुढेही उभे नसतात. मूल घाटीत असतं आणि उंदीर कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वर्षी, एका अर्जावरच्या आकड्यात असतो. समोरासमोर उभे असते तर मीही मूल उचललं असतं. माझा आक्षेप त्या अर्जावर आहे. लशीसाठी मरणारे प्राणी शोधाच्या थरारात कमी आणि नेहमीच्या बॅच-तपासणीत जास्त जातात. रेबीजच्या लशीची ताकद मोजण्याची जुनी पद्धत घ्या. उंदरांना लस द्यायची आणि चौदाव्या दिवशी विषाणू थेट मेंदूत टोचायचा. बॅच बदलली की पुन्हा तेच. यात नवं ज्ञान काहीच नाही. मराठवाड्यातलं आपलं हे शहर औषधांचं आहे, वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात कंपन्या आहेत. इंजेक्शनमुळे ताप येईल का हे पाहायला सशाच्या कानातल्या शिरेत औषध टोचून तापमान मोजण्याची पद्धत फार्मसीच्या मुलांनी वर्षानुवर्षं पाठ केली. मग हॉर्सशू खेकड्याच्या रक्तावरची चाचणी आली, आता प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनावरची आली, आणि २०१८ च्या भारतीय औषधसंहितेने सशाची जागा काचेच्या भांड्यातल्या चाचण्यांना दिली. ससा इतकी वर्षं लागत होता तो शास्त्राला की सवयीला?

समर्थक : सवयीला, हे मी मान्य करतो. आणि मार्च २०२३ मध्ये औषधचाचण्यांच्या नियमांत बदल होऊन पेशींवरच्या, चिपवरच्या आणि संगणकी पद्धतींचे निष्कर्षही ग्राह्य धरायची वाट खुली झाली, हेही चांगलंच झालं. तोंडाने देतात त्या पोलिओच्या लशीची प्रत्येक खेप एकेकाळी माकडांच्या मेंदूत टोचून तपासत. मग माणसाचं जनुक घातलेले उंदीर आले, मग विषाणूचा जनुकीय नकाशा वाचणं आलं. ए-७१च्या लशीतही बॅच-तपासणी काचेच्या भांड्यात व्हावी, असं मीही म्हणेन. पण पहिल्यांदाच तयार होणाऱ्या लशीचं काय? ए-७१, ए-१६, ए-६ आणि ए-१० एकत्र रोखणारी लस उद्या कुणी बनवली, तर ती कुठे तरी पहिल्यांदा जिवंत देहात जाणार. तो देह कुणाचा, हा प्रश्न चिप सोडवत नाही.

साशंक : तो प्रश्न मीही सोडवलेला नाही. पण त्याच्या आधी यायला हवा असा एक प्रश्न आपण दोघांनी मघाशी बाजूला ठेवला. आपल्याकडे फिरतंय काय? प्राण्यांवरच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या संस्थेतल्या नीतिसमितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, विज्ञानाबाहेरचा एक जागरूक नागरिकही असतो. त्या नागरिकाने एकच विचारावं : हा विषाणू या राज्यातल्या मुलांत किती आहे, ते दाखवा. उत्तर नसेल तर अर्ज परत. ए-१६ फिरत असताना ए-७१साठी मारलेलं पिल्लू वाया गेलं, आणि ए-७१ गुपचूप पसरत असताना ए-१६च्या लशीवर मारलेलंही वाया गेलं. जिथे चुकीचा विषाणू निवडला जातो तिथे उत्तम प्रयोगही क्रूर ठरतो.

समर्थक : इथे आपल्यात एक मोठा फरक आहे, तो लपवायला नको. तुमच्या नियमाने गेलो तर ए-७१ची साथ दिसल्यावर काम सुरू होईल. चीनची मोठी साथ २००८ची, लस मंजूर झाली २०१५ अखेर. सात वर्षं, तीही सरकारची सगळी ताकद मागे असताना. त्या सात वर्षांत गेलेल्या मुलांना तुमची समिती काय सांगणार? लशीची तयारी धोका येण्याआधी करावी लागते, आणि धोका येण्याआधी तुमच्या अर्जाला लागणारा आकडा कधीच पुरेसा नसतो. थोडे प्राणी कदाचित व्यर्थ जातील, ही जोखीम मी पत्करीन. तुम्ही पत्करणार नाही.

साशंक : नाही पत्करणार. 'कदाचित' या शब्दावर जीव घ्यायचा असेल, तर निदान तो 'कदाचित' लहान करण्याचे कष्ट आधी घेतलेले हवेत. ते कष्ट फार मोठे नाहीत. करोनात घाटीत आरटीपीसीआरची तपासणी उभी राहिली. पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे. मुंबईत परळला हाफकिनच्या आवारात तिचंच मुंबई युनिट आहे, ते पूर्वी एंटरोव्हायरसचंच केंद्र होतं. अचानक लुळ्या पडलेल्या मुलांच्या शीचे नमुने पोलिओसाठी तपासायची घडी देशभर बसलेली आहे. यंत्रं आहेत, माणसं आहेत, वाटही माहीत आहे. फक्त पुरळ आलेल्या मुलाचा नमुना त्या वाटेला लागत नाही, कारण मूल आठ दिवसांत बरं होतं आणि सगळे विसरतात.

समर्थक : नमुना घ्यायचा ठरवला तर पैसे आईने का द्यावेत, हा पहिला अडथळा. प्रकार ओळखायला जनुकाचा तुकडा वाचावा लागतो, तो प्रत्येक दवाखान्याच्या आवाक्यात नाही. ती तपासणी सरकारने फुकट करावी, निदान झटके आलेल्या, तोल गेलेल्या, दचकणाऱ्या प्रत्येक मुलाची. आणि ज्या संस्थेने प्राणी वापरले तिने ते किती वापरले आणि त्यातून काय कळलं, फसलेले प्रयोगही धरून, जाहीर करावं. एका ठिकाणी फसलेला प्रयोग दुसरीकडे पुन्हा होतो तेव्हा दुसऱ्यांदा मेलेल्या प्राण्याचा हिशोब कुणाकडेच नसतो. एवढं झालं तरी पुढच्या अर्जावर आपण दोघं पुन्हा भांडू, पण तेव्हा आपल्या हातात आकडे असतील.

साशंक : मग मराठवाड्यातल्या बालरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे. पुढच्या पावसाळ्यात पुरळाबरोबर मान टाकणारं, झोपेत दचकणारं, चालताना धडपडणारं एकही मूल नमुना न घेता घरी पाठवू नका. घशाचा स्वॅब आणि शीचा नमुना पुण्याला किंवा परळला जाईल अशी व्यवस्था करा, आणि उत्तर आलं की ते फाइलमध्ये न ठेवता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. आज भारतात या आजाराची एकही मंजूर लस नाही. तोवर आयांना सांगा, मुलाची शी साफ केल्यावर आणि जेवू घालण्याआधी हात साबणाने धुवा. या विषाणूवर सॅनिटायझर पुरेसं चालत नाही.